काठी लागली

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
आमचा बर्फाचा कारखाना.
एप्रिल. रात्रीचे अकरा वाजले तरी बाहेरची भिंत तव्यासारखी,
आत अमोनियाचा वास, मिठाच्या पाण्यात उभे डबे,
आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीनं सरकत जाणारा
इलाहीचा मोबाईल, ज्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी मागं ओढतं.

पुरुषांची मॅच संपली होती.
हरणाऱ्यांनी उरलेले दगड टाकलेच नाहीत,
हात मिळवले आणि निघाले.
"असं मधेच?" इलाही म्हणाला. "तिकिटाचे पैसे परत देतात का?"

मग बायकांची. चार निळ्या, चार पिवळ्या.
एकीनं गुडघा मुडपून, घसरत घसरत दगड सोडला,
जात्याच्या वरच्या पेडीएवढा, वर मूठ,
वजन वीस किलो, असं खाली पट्टीवर आलं.
मी हसलो. आमची लादी एकशेतीसची.

दोघी दगडाच्या पुढं धावत झाडत होत्या,
शेट यायच्या आधी भागव्वा झाडते त्या घाईनं.
भागव्वा खराटा टेकून उभी राहिली.
"झाडायला दोन-दोन? आणि वर टाळ्या?"
"झाडलं की दगड लांब जातो, भागव्वा."
"हात न लावता?"
"हात न लावता."
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "तीस वर्षं झाली की वो मला.
माझ्यानं काय लांब गेलं?"

मला खरं तर बर्फ बघायचा होता.
आधी तासून गुळगुळीत करतात म्हणे,
मग झारीनं थेंब शिंपडतात,
थेंब गोठले की बर्फाला घामोळं येतं
आणि त्या घामोळ्यावरून दगड वळतो.
पाण्यावर पाणी, नुसतं शिंपडायला!
आमच्याकडं नळ पाच दिवसांनी येतो.
आम्ही टँकरचं गोठवतो, रसवंतीला, मासळीला,
कधी रात्री-अपरात्री कुणी रिक्षा घेऊन येतं, डोळे सुजलेले,
तेव्हा वहीत मी फक्त लिहितो: घरगुती.

तिकडं त्या रंगीत वर्तुळांना घर म्हणतात.

शेवटचा डाव.
पिवळ्यांचा दगड घराकडं निघाला,
कप्तान घरात वाकून गळा फाटेस्तोवर ओरडत होती,
आणि झाडणारी एक अचानक थांबली.
हात वर केला.

पंचानं पाहिलं नव्हतं. निळ्यांनी पाहिलं नव्हतं.
मोबाईलवर तीनदा दाखवलं, तिन्ही वेळा
आम्हाला दगडच दिसला, सरळ जाणारा.
काठी लागली माझी, असं तीच सांगत होती.
दगड उचलून बाजूला ठेवला. मॅच गेली.
कुणी तिच्यावर खेकसलं नाही.
एकीनं तिची बाटली उघडून दिली, एवढंच.

"येडी आहे का बे ही," इलाही म्हणाला.

मी वहीत बघत राहिलो.
गेल्या मंगळवारची ओळ, माझ्याच अक्षरात:
लादी एक, फुटली. इलाही. दोन दिवस कपात.
आकडा माझ्या हातून सुटला होता.
शेटला तुकडे दिसले, आणि तुकड्यांजवळ पोरगं.
मी तेव्हा चहा पीत होतो.
चहा संपवला, कप धुतला, मग लिहिलं.

पहाटे पहिली गाडी लागली.
फळीवरून लाद्या सोडल्या, एकामागं एक;
इलाही खाली झेलत होता, पोतं गुंडाळलेल्या हातांनी,
भागव्वा त्यांच्या वाटेतला भुसा झाडत होती,
आज दोन्ही हातांनी, वाकून,
आणि कोण जाणे, एक लादी खरंच
टेम्पोच्या पार आतल्या टोकापर्यंत गेली.
"बघ बघ," ती ओरडली, कुणाला ते कळलं नाही.

फाटकाशी शेटची मोटरसायकल वाजली.
मी आकडा भिंतीला टेकवला.
हात पुसले. ओलेच होते.
पुन्हा पुसले.